मऊ करून दिलेले बूट

सकाळी बूट विकत घ्यायला जाणारा माणूस काकांच्या लेखी वाया गेलेला होता. "सकाळचा पाय झोपलेला असतो," ते म्हणायचे. "तो काय सांगनार? दिवसभर चालून सुजला पायजे, मग तो खरा बोलतो." त्यामुळे आमच्यापैकी कोणाला स्वतःच्या पैशाने बूट घ्यायचे असले, की काका त्याला दिवसाची चाल संपल्यावर, घामट कपड्यांनिशी, पेणच्या बाजारात घेऊन जात. चाल संपली की माणसाला घर दिसत असतं. काकांना दुकान दिसायचं. मी एकदा वडखळ नाक्यावर उतरून सटकायचा प्रयत्न केला होता, तर त्यांनी माझी डब्याची पिशवीच धरून ठेवली.

दुकानदार त्यांना चांगला ओळखून होता. काका आले की तो पोऱ्याला न पाठवता स्वतः उठायचा आणि निमूटपणे खोकी काढायला लागायचा. काका बूट हातात घेऊन आधी पुढून वाकवत. चवड्याखाली वाकला तर ठीक, मधोमध वाकला तर परत खोक्यात. मग फडकं पिळावं तसा पिळून बघत. तळाच्या खाचांत नख घालून त्यांची खोली बघत आणि नाक लावून वास घेत. त्यानंतर पायात घालायचा, नाडी न बांधता पाय पुढे सरकवायचा, आणि टाचेमागे एक बोट सरळ आत गेलं पाहिजे. इथवर बूट टिकला तर शेवटी दुकानाच्या पायऱ्या. चढायच्या नाहीत, उतरायच्या. तीन पायऱ्या, वीस वेळा, मोजे दोन. उतरताना अंगठा पुढे आपटला की तो बूट बाद, मग तो कितीही भारी असो.

"काका, लोक लग्न जमवतात तेव्हासुद्धा एवढं बघत नाहीत," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला.

"लग्नात सांभालून घ्यायला दोन घरची मानसं असतात," काका म्हणाले. "रानात कोन हाय? दुसरा जोड दाव."

आम्ही लाइनवर चालणारी माणसं. जमिनीखालून गॅसची मोठी पाइपलाइन जाते. तिच्यावर कोणी खोदकाम काढलंय का, जेसीबी लावलाय का, पावसाने माती वाहून पाइप उघडा पडलाय का, कुठे गवत उगाच वाळलंय का, हे बघत तिच्यावरून रोज चालायचं, एवढंच काम. आमच्या वाट्याला अकरा किलोमीटर आहे. पिवळ्या खांबापासून पिवळ्या खांबापर्यंत, भाताची खाचरं, नाले, कारवीचं रान, एक अख्खी टेकडी चढून उतरायची. फोनमधलं अ‍ॅप आम्ही कुठे थांबलो तेही साहेबांना दाखवतं. मी हे सोळा वर्षं करतोय. सुरुवातीला मोर दिसला तरी घरी सांगायचो. आता खांब दिसतात. काका माझ्या आधीपासून चालत होते, आणि वयाने सगळ्यांत मोठे म्हणून आम्हा सातही जणांचे काका.

ठेकेदार वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, सेफ्टी शूज देतो. ते कारखान्यातल्या फरशीसाठी बनवलेले असतात. पुढे लोखंडाची वाटी, कातडं लाकडासारखं टणक, आणि येतात फक्त सात, आठ, नऊ अशा तीन नंबरांत. हे घातल्याशिवाय हजेरी लागत नाही, रोज सकाळी पायांचा फोटो पाठवावा लागतो. स्वतःचे बूट मग रविवारपुरते किंवा पावसाळ्यात सूट मिळाली तर. डोलवीला कंपनीत असलेला माझा चुलतभाऊ हेच बूट घालून आठ तास उभा राहतो आणि त्याची काही तक्रार नाही. आम्ही टेकडी उतरतो तेव्हा प्रत्येक पावलाला बोटं त्या लोखंडावर जाऊन बसतात. नवीन माणसाची नखं पंधरा दिवसांत काळी पडतात.

"लोखंड कशासाठी? डोक्यावरनं काय पडलं तर बोटं वाचायला," काका सुपरवायझरला ऐकवायचे. "रानात काय पडनार आमच्यावर? आंबा?" सुपरवायझर हसून सोडून द्यायचा. काका दर वर्षी हे बोलायचे आणि दर वर्षी तेच बूट यायचे.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस जाईल. चढ लागला की ते खाली बसून नाडी सोडून वेगळी बांधत आणि उतार लागला की पुन्हा बसून वेगळी. उताराची नाडी घोट्याशी गच्च, चढाची पायाच्या पाठीवर सैल. आम्ही पुढे निघून जायचो आणि ते मागून सावकाश येत, तरी संध्याकाळी आमच्याआधी व्हॉल्व्हच्या ठाण्यावर पोचलेले असत. हे ठाणं म्हणजे कुंपणातली एक शेड, पिण्याच्या पाण्याचा ड्रम आणि एक बाकडं. तिथे ते भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत. इंग्रजी पेपर पाणी जास्त पितो असा त्यांचा ठाम समज होता, आणि तो मिळवण्यासाठी ते पेण स्टँडसमोरच्या रद्दीवाल्याशी सलोखा ठेवून होते. बूट चुलीपाशी वाळवणाऱ्या माणसाशी ते दोन दिवस बोलत नसत. कारवी तोडलेल्या रानातून जाताना ते आम्हाला एका रांगेत चालवायचे, कारण तोडलेल्या कारवीचे खुंट तिरके आणि धारदार राहतात, तळातून थेट आत येतात. पुढे ते स्वतः असायचे.

त्यांची सासुरवाडी हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यातली. श्रावणात ते रजा टाकून तिकडे रंगकामाला जात. डोळ्यांच्या आखणीला त्यांना कोणी हात लावू देत नव्हतं, पण पाय रंगवायला द्यायचे. मेहुण्याशी त्यांचं दर वर्षी वाजायचं. सगळ्या गणपतींची बोटं तुम्ही सारखी काढता, चाललेला पाय असा नसतो, असं काकांचं म्हणणं. मेहुणा म्हणायचा, "दाजी, देव कुठं चाललाय? त्यो बसलाय." काकांना ते पटायचं नाही. बसला म्हणून काय झालं, आलाय तर चालूनच ना, असं ते आम्हाला परत आल्यावर सांगायचे.

पण काकांची खरी गोष्ट वेगळीच आहे. ती सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

माझ्या आधी कधीतरी नागोठण्याचा एक माणूस कामाला लागला होता. नवीन बूट घालून तीन दिवस चालला, चौथ्या दिवशी टाचांची सालपटं निघाली आणि पाचव्या दिवशी काम सोडून गेला. घरची परिस्थिती नाजूक होती त्याची. काकांच्या ते फार मनाला लागलं. तेव्हापासून त्यांनी एक प्रथा पाडली. दिवाळीनंतर नवीन बूट आले, की ते प्रत्येकाचा जोड आळीपाळीने स्वतःच्या पायात घालून आठ-आठ दिवस चालायचे. कातडं मऊ झालं, वाकायच्या जागी वाकायला लागलं, की पुसून, तेलाचा हात फिरवून ज्याचा त्याला परत. तोवर आम्ही जुने फाटके ओढायचो आणि फोटोपुरते काकांनी आधी दिलेले कोणाचेतरी घालायचो. सात जणांचे जोड मऊ करायला दोन महिने लागायचे. काकांचा नंबर आठ. नऊचे बूट ते दोन मोजे घालून चालवायचे. सातच्यात पाय कसेतरी कोंबायचे. टाचेमागे बोट गेलं पाहिजे म्हणून दुकानदाराचा जीव खाणारा माणूस दुसऱ्यांसाठी एक नंबर लहान बूट घालून टेकडी उतरायचा.

सातचा पाय आमच्यात माझ्या एकट्याचा होता.

"चावत नाहीत का हो?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"माझे पाय आता तयार हायत," ते म्हणाले. "ह्या पायांना काय चावत नाय. बघ." आणि त्यांनी मोजा काढून दाखवला. खरंच, लालीसुद्धा नव्हती. पुढे पुढे तर त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं. खडा गेला तर संध्याकाळी बूट काढल्यावर सापडायचा. एकदा करवंदीचा काटा मोज्यात मोडून दिवसभर राहिला आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही नव्या माणसांना कौतुकाने हे सांगायचो. काकांचे पाय म्हणजे काय चेष्टा आहे का, असं म्हणायचो. काकांनाही त्याचा अभिमान होता. इतकी वर्षं चालून पायांनी त्रास देणं सोडलंय, अशी त्यांची समजूत होती, आणि आम्हा सगळ्यांची तीच.

त्याच सुमारास ते पाणी फार प्यायला लागले होते. दोन बाटल्या न्यायचे ते चार नेऊ लागले, आणि दर खांबाआड थांबायचे. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो की काका खांबांना पाणी घालतायत, एखाद दिवशी पालवी फुटेल. वर्षाची वैद्यकीय तपासणी असायची त्या दिवशी ते नेमके हमरापूरला असायचे. अठ्ठावन्नला ठेकेदार माणूस कमी करतो, आणि काका सत्तावन्नचे होते. तपासणीत काही निघालं तर वर्षभर आधीच घरी बसवतील, ही त्यांना धास्ती. घरी बसणं म्हणजे त्यांच्यासाठी मरण्यासारखंच होतं.

आता माझं सांगतो. माझ्या वडिलांना साखर होती. आमच्या घरात भिंतीला एक छोटा आरसा असायचा, तो तोंड बघायला नव्हता. वडील रोज रात्री जेवणाआधी तो जमिनीवर ठेवून त्यात आपले तळवे बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखरेने पायाची संवेदना जाते, जखम झाली तर कळत नाही, आणि ज्या जखमेचं दुखत नाही तिचीच भीती बाळगायची. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणजे आमच्या सात जणांत हे माहीत असलेला माणूस मी एकटा होतो.

त्या वर्षी माझा जोड शेवटी राहिला होता. माझे जुने बूट पार गेले होते. उजव्याचा तळ पुढून उघडला होता, तो मी सुतळीने बांधून चालत होतो, आणि टेकडीवर नुकतीच कारवी तोडली होती. पंधरा दिवस मी रोज जीव मुठीत धरून उतरत होतो. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोशी बोलायचंही त्राण नसायचं. काका माझे बूट घालून चालत होते त्याचा पाचवा दिवस असेल. मी ठाण्यावर पोचलो तेव्हा ते बाकड्यावर बसून बूट काढत होते. डावा मोजा चवड्यापाशी ओला दिसला. मला वाटलं नाल्यात पाय गेला असेल. मग त्यांनी मोजा ओढला आणि त्याच्याबरोबर कातडी आली. करंगळीखाली रुपयाएवढी जखम होती. ताजी नव्हती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि वास येत होता.

"काका, हे काय?"

"कुठं काय? व्हय रे, सोललंय वाटतं." त्यांनी बोटाने जखम दाबून पाहिली. जोरात दाबली. त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही. "दुखत नाय. हलद लावतो."

मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी सगळं कळलं. पाण्याच्या बाटल्या, खांब, काटा, सगळं. तोंडावर आलं होतं की काका, हे बूट काढा, आजच्या आज पेणला डॉक्टरकडे चला, मी येतो बरोबर. आणि त्याच क्षणी मी माझ्या सुतळी बांधलेल्या बुटाकडे पाहिलं.

"अजून तीन दिवस," काका म्हणाले. "डाव्याची टाच थोरी कडक हाय. मग घे तुझे."

"बरं," मी म्हणालो.

मी मनाशी कारणं बरीच काढली. सांगितलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. ते मोठे, मी कोण सांगणारा. हळदीने बरं होईल. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यातल्या एकामुळेही मी गप्प बसलो नव्हतो. मला मऊ बूट हवे होते. मी दमलो होतो. दमलेला माणूस किती हलक्या मनाचा होऊ शकतो हे मला त्या दिवशी समजलं, आणि ते समजूनही मी रात्री जेवलो आणि झोपलो.

तीन दिवसांनी त्यांनी बूट आणून दिले. पुसलेले, तेल लावलेले, आतला डाग धुऊन काढलेला. मी घातले. असे बूट मला आयुष्यात मिळाले नव्हते.

पंधरा-वीस दिवसांनी काका आले नाहीत. ताप होता म्हणाले. मग पाय काळा पडलाय अशी बातमी आली. पेणच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि तिथूनच पुढे मुंबईला पाठवलं. साखर किती वर्षांची आहे कोणालाच माहीत नव्हतं. आधी करंगळी काढली, मग अर्धं पाऊल, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय. ठाण्यावर सगळे हळहळले. एक जण म्हणाला, नशीब. दुसरा म्हणाला, आपण कोणी लक्षच दिलं नाही रे, कोणाला दिसलंच नाही. मी ड्रममधून बाटली भरत होतो. मी मागे वळलो नाही.

भेटायला जायला मला दहा महिने लागले. बाकीचे सगळे जाऊन आले होते. त्यांचं गाव रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठाने रिक्षाने जावं लागतं. दारात बूट काढून मी आत गेलो. काका ओटीवर सतरंजीवर बसले होते, भिंतीला टेकून. डाव्या बाजूला लुंगी दुमडून खाली खोचलेली. वजन उतरलं होतं, पण दाढी केलेली होती. काकू आतून म्हणाल्या, "आला गो बाय तो. ह्ये किती दिवस विचारतायत, येक जन आला नाय, येक जन आला नाय." आत शेजारीण बसली होती, तिला त्या सांगत होत्या. मग शेजारीण गेली आणि काकूंनी चहा टाकला.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. टेकडीवर वणवा लागला होता का, नाल्यावरचा खांब पडला होता तो उभा केला का. या वर्षीचे बूट आले का, असंही त्यांनी विचारलं. आले म्हणालो. कसे आहेत? तसेच आहेत. मऊ कोण करतं? कोणी नाही, ज्याचे त्याने. त्यांनी मान हलवली.

मला आता राहवेना. "काका," मी म्हणालो, "मी बघितलं होतं त्या दिवशी. ठाण्यावर. मला कळलं होतं ते काय आहे ते. माझ्या वडिलांना साखर होती. मला बोलायला हवं होतं."

त्यांनी लुंगीची दुमड पुन्हा नीट खोचली. आत स्टोव्हचा आवाज येत होता. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. तुझी काही चूक नाही असं म्हणाले असते तरी चाललं असतं, मी ते खोटं घरी घेऊन गेलो असतो.

"मला म्हायत हाय तू बघितलंस ते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुझ्या तोंडावर दिसलं. मला पन जरा भ्या वाटलंवतं. वास येत होता ना. म्हनून तर तुझ्यासमोर मोजा काढला. मला वाटलं, हा बोलेल. हा थांबा म्हनाला तर थांबू. माझ्यानं माझं थांबवत नव्हतं."

"मग तुम्ही..."

"तू बरं म्हनलास," काका म्हणाले. "मग मी घातला परत."

काकू चहा घेऊन आल्या. बशी मी खाली ठेवली. मांडी घालून बसलो होतो, अनवाणी, तळवे वर आलेले. काका पुढे वाकले आणि माझा उजवा पाय घोट्याशी धरून त्यांनी उजेडाकडे वळवला. अंगठ्याने टाच दाबली, करंगळीखाली दाबून पाहिलं, नखं बघितली. एकही घट्टा नव्हता.

"चांगले ऱ्हायलेत," ते म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. मी पाय त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि पोटाशी ओढून बसलो.